ऐकणाऱ्यांची भिंत

फुलांची परडी घेऊन शालनआत्या देवळापुढच्या अंगणात, खळ्यात, आली आणि पायरीशीच थबकली. भिंत पांढरी झाली होती.

काल दिवेलागणीला तिने इथेच हात जोडले होते, तेव्हा भिंतीवर अख्खी वाडी बसलेली होती. शिमगा सरल्यावर त्या लोट्याच्या कारखान्यातल्या पोराने, प्रज्ञेशने, रंगवलेली. कीर्तन ऐकणारी माणसं. कुणी मांडी घालून, कुणी गुडघ्याला मिठी मारून, कुणी पेंगत. खळ्यात माणसं भिंतीला टेकून बसतात तेवढ्याच उंचीची, म्हणजे कुणी बसलं की खरा माणूस कुठला आणि रंगातला कुठला ते लांबून कळू नये. देव मात्र त्याने कुठेच काढला नव्हता. आत्याला त्याचं मोठं कुतूहल वाटलं होतं. तिने विचारलंही होतं, तर पोरगा म्हणाला होता, "देव तुमच्याकडे आहेच की, आजी. मी ऐकणारे काढतो."

आणि आज, ऐन रामनवमीला, भिंत अशी कोरी.

तिचा थोरला भाऊ भिकाजी विहिरीच्या कठड्यावर बसून कुंचा धूत होता. पाटी पालथी घातलेली, बोटं चुन्याने चिरलेली.

"दादा, हे काय केलंस रे?"

"काय केलं? रामनवमीला भिंत पांढरी करायची, भिंतीचा मान आपल्या घराचा. बाबा करायचे, मी करतो. आज नवीन कळलं तुला?"

"मला पद्धत शिकवू नकोस. मी चित्राचं विचारत्येय."

"भावकी बसली परवा. सगळे म्हणाले, चुना मारा. मारतो म्हणालो." त्याने कुंचा झटकला. "मारला."

"पण का म्हणाले?"

"म्हणाले." भिकाजीने मान वर केली नाही. "तू हार कर, शालन. बुवांची गाडी पालीवरून निघाली, फोन आलेला."

आत्याचं माहेर हे आणि सासर संगमेश्वराचं. नवरा गेल्यापासून ती कीर्तनामागे फिरते असं भावजया हसून म्हणत, आणि ते खरंच होतं. कुठे कोण बुवा उभे राहणार, कुठली एस.टी. कितीला सुटते, तिला सगळं पाठ. पूर्वरंगात बुवा निरूपण करतात तेव्हा बायका वाती वळतात, उत्तररंगात गोष्ट लागली की मान वर करतात, आत्याचं उलटं. तिला निरूपणात गोडी. गोष्ट काय, सगळ्यांना ठाऊक असते, ती म्हणे. ती का घडली, ते पूर्वरंगात कळतं.

म्हणून भिंत का पांढरी झाली हे कळेपर्यंत तिला चैन पडणार नव्हतं.

*

आत्याच्या भाचीने, शमिकाने, भिंत पाहिली तेव्हा तिच्या हातात रांगोळीचा डबा होता. तो तिने सावकाश खाली ठेवला.

मुंबईच्या आर्ट गॅलरीत नोकरी लागून तिला तिसरं वर्ष. पांढऱ्या भिंती तिच्या रोजच्या ओळखीच्या. तिथे भिंत पांढरी करतात ती चित्र लावण्यासाठी. दीड वर्षापूर्वी एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मागच्या गल्लीतून रंगाचा उग्र वास आत यायला लागला आणि पाहुणे नाकाला रुमाल लावू लागले, म्हणून मॅडमनी तिला भांडायला पाठवलं होतं. गल्लीत एक मुलगा, हाच प्रज्ञेश, शिडीवर चढून पालिकेच्या भिंतीवर मासे विकणारी बाई काढत होता.

"ओ, बंद करा ते. आत चित्रं आहेत."

"मग ही काय आहे?" त्याने खाली न बघताच विचारलं होतं. आणि मग तिच्या बोलण्यातला हेल ओळखून, "रत्नागिरीच्या का तुम्ही?"

ती भांडून परत गेली ती तासाभराने. मॅडमना सांगितलं, वास गेला. वास गेला नव्हता, तिला येईनासा झाला होता.

काल रात्रीच्या कोकण रेल्वेने गॅलरीच्या रेणुका मॅडम मुंबईहून निघाल्या होत्या. ही भिंत बघायला. शमिकानेच मागे लागून बोलावलं होतं. आणि कीर्तन झाल्यावर, सुंठवडा वाटून माणसं पांगली की ती घरी प्रज्ञेशचं सांगणार होती. महिनाभर मनात वाक्य घोळवलं होतं. आता त्या वाक्याला टेकायला भिंतच राहिली नव्हती.

"बरं झालं," मागून तिचे वडील आत्माराम म्हणाले. ते मुंबईहून सुट्टी काढून आले होते. धुतलेलं धोतर नेसून, चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव. "वाद मिटला. भावकी कुरकुरत होती."

"कशावरून, पप्पा?"

"आता कशावरून म्हणजे..." ते खळ्याच्या टोकाकडे बघत राहिले. तिथे भिंत संपते आणि चिऱ्यांचा गडगा सुरू होतो, गडग्यापलीकडे फणस. "तिथे शेवटी एक म्हातारा काढलान् ना त्याने. गडग्याच्या बाहेर उकिडवा बसलेला, खांद्यावर टॉवेल. म्हणतात, तो बौद्धवाडीतला भिवा. गॅलरीची माणसं येणार, फोटो काढणार, उद्या सगळीकडे जाणार की आमच्या वाडीने ह्याला बाहेर बसवला."

"बसवला होता ना पण?"

"शमे, सणासुदीचं बोलू नये असं." आणि आवाज खाली आणून, "आणि तू त्या पोराचं फार काम करतेस, असंही बोलतायत. दादाच्या कानावर गेलं असणार. दादाने भिंत पुसली त्यात काय ते समज."

ती समजली. निदान समजली असं तिला वाटलं. काकांनी बोलून नाही, कुंच्याने उत्तर दिलं होतं. ओरडले असते तर भांडता आलं असतं.

*

प्रज्ञेश गडग्यापलीकडे फणसाखाली मोटरसायकलवर बसला होता. रात्रपाळी करून लोट्याहून थेट आलेला, डोळे लाल.

"बघितलंस?" शमिकाने विचारलं.

"आल्या आल्या."

"राग नाही आला?"

"आला की. इथे बसून येऊ दिला, येऊन गेला." तो हसला. "शमिका, भिंतीवर काढलेलं पुसलं जातं. पोस्टर चिकटवतात, पान खाऊन थुंकतात, पाऊस येतो. तुमच्या गॅलरीत चित्राला हात लावला तर घंटा वाजते, इकडे नाही वाजत. फक्त आजोबांचं वाईट वाटलं. एवढ्या वर्षांनी बसले होते जरा."

भिवा म्हणजे त्याच्या वडिलांचे वडील. दीक्षा घेतल्यावर घरातले देव नदीत सोडले, पण गाणं काही त्यांना सोडता आलं नाही. या देवळात कीर्तन असलं की गुरं इकडे वळवायची आणि गडग्याबाहेर बसायचं. बोलावल्याशिवाय आत जायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा कायदा. कुणी बोलावलं नाही. घरी येऊन नातवाला चाली म्हणून दाखवायचे.

"आत चल," ती म्हणाली. "माझ्याबरोबर. आत्ता. जे व्हायचं ते होऊ दे."

"तू बोलावून उपयोग नाही."

"मी या घरची नाही?"

"तू माझी आहेस म्हणून बोलावतेस. घराने बोलावलं पाहिजे." तिचा चेहरा पडला तसा तो गडग्याजवळ आला. "हे बघ, रंगवायला मी आत आलोच होतो ना? तुझ्या काकीने चहासुद्धा दिला. कामाला आम्हाला कुणी कधी अडवलं नाही. बसून ऐकायला बोलावलं तर येईन. नाहीतर इथून छान ऐकू येतं, घरात अनुभव आहे."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर तू आतून ऐक, मी बाहेरून. पण मग पुढचं सगळंच असं व्हायचं, शमिका. गडग्याच्या दोन बाजूंनी. ते मला नको आणि तुलाही नको."

तो चिडला नव्हता, म्हणूनच तिला भीती वाटली.

*

आत्या भिंतीला टेकून हार ओवत होती. गोंडा ठाकठीक करायला उठली, तर एक पोरगी फिदीफिदी हसली. "आत्ये, पाठ बघा तुमची!"

आत्याने पदर पुढे ओढला. हिरव्या लुगड्यावर पांढराशुभ्र पट्टा.

ती हसली नाही. हातातली सुई तिने पदराला टोचून ठेवली आणि भिंतीवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. दादाचा चुना? दादाच्या चुन्याची ख्याती सगळ्या पंचक्रोशीत. नव्या नवरीने भरजरी शालू नेसून टेकावं आणि उठावं, एक कण लागायचा नाही. बाबांनी शिकवलेलं: चुना विरवताना डिंक घालायचा, भिजवून, गाळून. आदल्या दिवशी घरभर तो वास यायचा. काल वास आला होता का? आत्याने आठवून बघितलं. नव्हता आला.

विहिरीवर जाऊन ती भिकाजीसमोर उभी राहिली.

"डिंक विसरलास?"

"वय झालं."

"माझ्याशी खोटं बोलतोस? रामाच्या दिवशी?"

भिकाजीने कुंचा कठड्यावर ठेवला. मग म्हणाला, "भावकीने चुना मारायला सांगितलं. डिंकाचं कुणी बोललं नाय."

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. हा आपला भाऊ, आयुष्यात कुणापुढे चढ्या आवाजात न बोललेला, भावकीने पूर्व म्हटलं की पूर्वेला तोंड करणारा.

"आणि पोरीचं?" तिने हळूच विचारलं. "तिसऱ्या खांबाजवळची ती मान वाकडी करून ऐकणारी. ती आपली शमी हाय, हे कळलं होतं तुला?"

"लहानपणापासून तशीच ऐकते ती. आंधळ्याला कळेल." त्याने टॉवेलने हात पुसले. "तशी मान आपल्या आत्मारामालासुद्धा कधी दिसली नाय, त्याची पोर असून. त्या पोराला दिसली. म्हणजे त्याने किती बघितलं असंल, शालन?"

"मग सांग की सगळ्यांना!"

"माझ्याच्यानं बोलणं नाय होत, तुला ठाऊक हाय." तो उठला. "चल. बुवा आले."

आत्या खळ्यात परतली ती गालातल्या गालात हसत. शमिका खांबाला धरून उभी होती, डोळे भरलेले.

"रडतेस कशाला गो बाय?"

"आत्ये, काकांनी..."

"काकांनी काय केलं ते तुला कळलेलं नाय. मलाही आत्ताच कळलं. तू बायकांना सांग, मांडवात मध्ये उकडतंय, तिथे बसू नका, भिंतीला टेकून बसा. सगळ्यांनी. चांगलं पाठ लावून."

"का?"

"कीर्तन हाय. का ते शेवटी कळतं."

*

धोंडूबुवा उभे राहिले. अंगरखा, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. पेटीने सूर धरला, तबल्यावर थाप पडली, आणि हापूसच्या पेट्या भरायच्या सोडून आलेली ती सगळी माणसं, पाय दुमडून, पाठ टेकवून, एकदम वेगळीच झाली. आत्याला हा क्षण फार आवडे. माणूस तोच, पण ऐकायला बसला की त्याच्या तोंडावरची कामं उतरतात.

रेणुका मॅडम स्टेशनवरून रिक्षाने आल्या तेव्हा पूर्वरंग सुरू झाला होता. त्यांनी पांढरी भिंत पाहिली, शमिकाकडे पाहिलं. शमिकाने नुसती मान हलवली. त्या काळ्या कुर्त्यानिशी बायकांच्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या. आलोच आहोत तर, असा चेहरा करून.

"नऊ भक्ती सांगितल्या," बुवा म्हणाले, "त्यात पहिली कोणती? पूजा नव्हे, नाचणं नव्हे. श्रवण! आधी ऐका. पूजेला ताम्हण लागतं, गंध लागतं, सोवळं लागतं. ऐकायला काय लागतं हो? एक कान. तो देवाने सगळ्यांना दिला, दोन-दोन दिले. आणि मंडळी, गंमत बघा, डोळा मिटता येतो, तोंड मिटता येतं. कान मिटता येत नाही. देवाने ते दारच ठेवलं नाही. त्याला म्हणायचं होतं, इथून येणाऱ्याला अडवू नका."

भिकाजी नेहमीच्या जागी, बुवांच्या उजव्या हाताला खांबाजवळ बसला होता. भिंतीच्या मानकऱ्याची जागा. त्याने बुवांना काही सांगितलं नव्हतं. तरी त्याला वाटलं, बुवा आपल्यालाच बोलताहेत. कीर्तनात हे प्रत्येकालाच वाटतं म्हणा.

पूर्वरंग संपला. आता बुवांना बुक्का लावायचा, भिंतीच्या मानकऱ्याने हार घालायचा, मग उत्तररंग. लोक जरा सैल झाले. कुणी पाणी प्यायला उठलं, कुणी पाय मोकळे करायला.

आणि एका बाईने किंकाळीच फोडली. "अगो, माझी सासू!"

ती जिथे टेकली होती तिथे, तिच्या पाठीच्या आकाराएवढ्या जागेत, चुना निघून रंग दिसत होता. तोंडावर पदर धरून हसणारी तिची सासू, दोन वर्षांपूर्वी वारलेली. शेजारचा उठला, तिथे गुडघ्याला मिठी मारलेला माणूस निघाला. मग सगळेच उठून मागे बघायला लागले. पाठी पांढऱ्या, आणि भिंतीवर एकामागून एक तोंडं, अर्धीमुर्धी, कान, खांदा, टोपी. मुलं नाचायला लागली. तिसऱ्या खांबाजवळ आत्माराम उठले आणि मागे वळले. मान वाकडी करून ऐकणारी त्यांची मुलगी त्यांच्यासमोर होती. ते कितीतरी वेळ हलले नाहीत.

"भिकाजी!" भावकीतला एक जाडजूड म्हातारा गरजला. "चुना मारायला सांगितला होता!"

"मारला की."

"हा असला?"

"तुमच्याच पाठीवर हाय बघा. खोटं कसं बोलेन?"

हशा पिकला. जाडजूड म्हाताऱ्याने आपली पाठ बघायला मान वळवली, दिसेना, तसा अजूनच हशा. पण तो पुरता विरायच्या आत बुवांनी चिपळ्या वाजवल्या.

"हार आणा. भिंतीचे मानकरी कोण?"

सगळ्यांनी भिकाजीकडे बघितलं. आत्याने हाराचं ताट त्याच्यापुढे धरलं. भिकाजीने ताट घेतलं. तो बुवांकडे जाईल असं वाटलं. तो उलट दिशेने चालायला लागला. खळं ओलांडून, बायकांच्या रांगेपुढून, भिंतीच्या टोकापर्यंत. गडग्याशी येऊन थांबला.

"प्रज्ञेश," तो म्हणाला. "यंदा भिंत मी नाय केली. तू केलीस. हार तुझा."

प्रज्ञेश मोटरसायकलवरून उतरला होता. "काका, एक सांगतो. मी नमस्कार करणार नाही. आमच्यात नाही."

"बुवांना घालायचा हाय. बुवा माणूस हाय."

"आणि हार घालून परत बाहेर?"

भिकाजीने ताट गडग्यावर ठेवलं. बोलणं त्याच्याच्याने होत नव्हतं, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. पण त्याने ते शोधून काढलं, एकेक शब्द, चुन्यातला खडा वेचावा तसं.

"नाय. बसायचं. ऐकायचं. घर बोलावतंय तुला. शमीचं घर."

शेवटचे दोन शब्द फार हळू होते. पण ज्यांनी ऐकायचे त्यांनी ऐकले. शमिकाने आत्याचा हात इतका घट्ट धरला की आत्याच्या बांगड्या रुतल्या.

प्रज्ञेश गडग्याला असलेल्या वाटेने आत आला. त्याने चपला इतरांच्या चपलांशेजारी काढल्या, हार घेतला, बुवांच्या गळ्यात घातला आणि ताठ उभा राहिला. बुवांनीच वाकून त्याला बुक्का विचारला, "चालेल?" तो हसून म्हणाला, "नको, बुवा. पण गाणं चालेल." बुवाही हसले. भावकीचा जाडजूड म्हातारा काहीतरी पुटपुटत उठला, पायरीपर्यंत गेला, उत्तररंगातली गोष्ट सुरू झाली तसा तिथेच पायरीवर बसून राहिला. त्यालाही कान होते.

आता हा बसणार कुठे? माणसं चुळबुळली. आत्माराम अजून तिसऱ्या खांबाजवळ उभे होते. त्यांनी धोतर आवरलं, थोडे सरकले आणि हाताने जमीन झाडली.

"इकडे ये," ते म्हणाले. "इथे बस. माझ्याशेजारी."

*

गोष्ट रामजन्माकडे निघाली होती. आत्याचं मात्र पहिल्यांदाच गोष्टीकडे लक्ष नव्हतं. ती भिकाजीला शोधत होती. मानकऱ्याची जागा रिकामी.

मग तो तिला दिसला. भिंतीच्या शेवटच्या टोकाला, गडग्याशी. तिकडे सावली नाही म्हणून कुणीच बसलं नव्हतं; तिथला चुना तसाच पांढरा होता. चैत्रातल्या त्या उन्हात भिकाजी एकटा, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसला होता. मधूनच तो पाठ जराशी घासायचा, म्हशीने झाडाला घासावी तशी.

सूर्य माथ्यावर आला. बुवांनी आवाज चढवला, सगळे उठून उभे राहिले, गुलाल उधळला, घंटा, झांजा, पाळण्याची दोरी पुढे आली. भिकाजीलाही उठायचं होतं. गुडघे धरले होते. तो भिंतीला पाठ घासतच वर आला, तसूतसूने, आणि त्याच्या मागून भिंतीतून, आधी खांद्यावरचा टॉवेल, मग हनुवटी, मग ऐकताना मिटलेले डोळे, असा भिवा बाहेर आला.

रेणुका मॅडम गुलालाने माखून प्रज्ञेशपाशी पोचल्या. "यातलं काही... मुंबईला कसं नेता येईल?"

"नेताय की तुम्ही, मॅडम. पाठ बघा तुमची."

शमिका मात्र काकांकडे धावत गेली होती. सुंठवड्याचा द्रोण हातातच. काकांच्या पाठीवर खादीचा सदरा पुरता पांढरा झाला होता, त्यावर गुलाल.

"काका, थांबा. झटकून देते."

भिकाजी भिवाकडे बघत होता. त्याने मागे हात नेऊन तिचा हात धरला.

"नको गो," तो म्हणाला. "राहू दे."